कार्बन ब्लॉक नवा घातला तरी महिन्याभरात धार बारीक, नाहीतर वास परत: दोष नेमका कुठे शोधायचा

पावसाने जोर धरला की बेळगाव शहरापासून खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडीपर्यंतच्या गिऱ्हाइकांकडून एकच वाक्य ऐकायला मिळतं: "काका, परवाच कँडल बदलला की, परत धार बारीक!" उन्हाळ्यात वाक्य बदलतं: "धार जोरात आहे हो, पण पाण्याला वास मारतोय." दोन्ही वेळा माणूस पाण्याच्या फिल्टरमधला जुना काळा कार्बन ब्लॉक (लोक त्यालाही कँडलच म्हणतात) पिशवीत घालून आलेला असतो आणि दोन्ही वेळा त्याला नवा पाहिजे असतो. फिल्टरचे सुटे भाग विकून पोट भरणारा माणूस मी, तरी सांगतो: नुसता नवा घालून हा त्रास जात नाही. ही दुखणी दोन आहेत, त्यांची औषधं वेगळी आहेत, आणि पहिल्या दुखण्यात तर बिचाऱ्या ब्लॉकचा काही गुन्हाच नसतो.

ब्लॉक चोक झालाय की संपलाय?

आधी तो चालतो कसा ते बघू. नारळाच्या करवंटीचा कोळसा वाफ सोडून साधारण ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला तापवला की त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं पडतात. एका ग्रॅमच्या आतल्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या तर हजार चौरस मीटरच्या आसपास भरतील, म्हणजे चिमूटभर कोळशात जवळपास दहा गुंठे रान. हा कोळसा बारीक दळून, बांधणीला पॉलिथिलीनची पूड मिसळून, उष्णता आणि दाब देऊन त्याचं पोकळ नळकांडं करतात. पाणी बाहेरच्या अंगाने शिरतं, भिंत ओलांडून मधल्या पोकळीत येतं आणि तिथून तोटीला जातं.

त्या भिंतीत तीन कामं चालतात. फटींपेक्षा मोठे कण बाहेरच अडतात. पाकिटावर ५ मायक्रॉन, १ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असं छापलेलं असतं ते या कामाबद्दल. वासाचे, रंगाचे सेंद्रिय पदार्थ आणि बरीचशी कीटकनाशकं छिद्रांच्या भिंतींना चिकटून राहतात. क्लोरीनची गोष्ट निराळी आहे. तो चिकटून बसत नाही. कोळशाशी त्याची क्रिया होऊन क्लोराइड होतं आणि ते पाण्याबरोबर पुढे निघून जातं. मिठात असतं तेच क्लोराइड, पण इतकं थोडं की जिभेला कळत नाही.

आता गंमत बघा. गाळ अडवायचं काम होतं फक्त वरच्या पृष्ठभागावर, आणि वास काढायचं काम होतं भिंतीच्या पूर्ण जाडीत. म्हणून ब्लॉक दोन तऱ्हांनी निकामी होतो. वरचा पृष्ठभाग बुजला तर धार कमी होते, पण जे काही पाणी येतं त्याला वास नसतो. हा चोक झालेला ब्लॉक. आतली छिद्रं भरली तर धार आहे तशीच राहते आणि वास परत येतो. हा संपलेला ब्लॉक. "धार चांगली आहे ना, मग कशाला बदलायचा" म्हणून दोन-दोन वर्षं एकच ब्लॉक चालवणारी घरं मला माहीत आहेत. त्यांचा ब्लॉक कधीच संपलेला असतो, तक्रार न करता.

विश्वास बसत नसेल तर चोक झालेला ब्लॉक फेकण्याआधी हॅक्सॉच्या पात्याने आडवा कापून बघा. वरची जाळी आणि आतलं पांढरं कापड सोलून काढलं की बुळबुळीत थर हाताला लागतो. खानापूरकडचा असेल तर तांबूस, अथणी-रायबागच्या काळ्या रानातला असेल तर करडा. कापलेल्या तोंडावर मात्र हा रंग नखाच्या जाडीएवढाच आत गेलेला दिसतो. तिथून मधल्या पोकळीपर्यंत कोरा करकरीत काळा कोळसा. वास काढायचा सगळा माल शाबूत, आणि आपण तो कचऱ्यात टाकायला निघालेलो.

धार बारीक झाली असेल तर

नवा ब्लॉक बसवला त्याच दिवशी लिटरची बाटली भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर बघा आणि मार्करने हौसिंगवरच, म्हणजे ब्लॉक ज्या डब्यात बसतो त्याच्यावरच, लिहून ठेवा, तारखेसकट. पुढे शंका आली की परत बाटली लावायची. वेळ दुप्पट झाली असेल तर हौसिंग उघडा, ब्लॉक बाहेर काढा, रिकामं हौसिंग परत बसवा आणि तोटी सोडा. तरीही धार बारीकच असेल तर ब्लॉक घरी ठेवा आणि प्लंबरला बोलवा: दोष पाइपात, तोटीच्या जाळीत, टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा कार्बनच्या आधी गाळ अडवायला लावलेल्या पांढऱ्या कँडलमध्ये, म्हणजे स्पनमध्ये आहे. रिकाम्या हौसिंगमधून पाणी भसाभसा आलं तर ब्लॉक चोक झालाय हे नक्की. मग प्रश्न असा की एवढ्या लवकर का.

पहिलं कारण गाळ. बेळगाव शहराला मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपचं आणि घटप्रभेवरच्या हिडकलचं पाणी येतं. ते शुद्धीकरण केंद्रातून गाळून, क्लोरीन घालून सोडतात. पण जिथे पाणी काही दिवसांआड येतं तिथे मधल्या काळात पाइप रिकामा पडतो. रिकाम्या पाइपात सांध्यातून बाहेरचं गढूळ पाणी झिरपतं, तळाशी गाळ बसतो, आणि वॉलमनने चावी फिरवली की पहिला लोंढा ते सगळं उचलून तुमच्या दारात आणतो. चोवीस तास भरलेल्या पाइपात हे फार कमी होतं. शहरातल्या काही वॉर्डांत २००८ पासून तशी सोय आहे. बाकीच्यांनी पहिलं पाणी बागेला, अंगणाला, जनावरांच्या हौदात सोडावं. स्वच्छ दिसायला लागलं की मग टाकीत घ्यावं. फुकटातला उपाय आहे, आणि नेमका तोच लोक करत नाहीत, कारण पाणी आलं की सगळ्यांनाच टाकी भरायची घाई.

टाकीचंही तेच. मृगाचा पाऊस लागायच्या आत टाकी धुतलीत तर पुढचे चार महिने सुखाचे. फिल्टरकडे जाणारा पाइप टाकीच्या अगदी तळातून घेतला असेल तर तळाचा सगळा गाळ फिल्टरच्याच गळ्यात जातो. जुन्या सिमेंटच्या टाक्यांत तर सर्रास असंच असतं. पाइपाचं तोंड तळापासून चार-पाच बोटं वर घ्या आणि तळाला धुण्यापुरता वेगळा प्लग ठेवा.

मग येतो स्पन, म्हणजे ५ मायक्रॉनचा पांढरा कँडल. कार्बनच्या आधी तो नसेल तर या भागात कार्बन ब्लॉक लावूच नये, या मताचा मी आहे. स्पन कार्बनपेक्षा पुष्कळ स्वस्त. त्याने मरावं आणि कार्बनने जगावं, असाच हिशोब असतो. पण एक अडचण आहे. "काका, स्पन पांढराशुभ्र आणि कार्बन चोक, हे कसं?" असं विचारणारी मंडळी खोटं बोलत नसतात. चिकणमातीचे सगळ्यात बारीक कण २ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ते ५ मायक्रॉनच्या स्पनमधून आरामात निसटतात आणि १ किंवा अर्ध्या मायक्रॉनच्या ब्लॉकवर जाऊन लिंपण करतात. अशा घरात स्पनच्या पुढे आणखी एक १ मायक्रॉनचा स्पन लावा, किंवा कार्बन ब्लॉकच ५ अथवा १० मायक्रॉनचा घ्या. आकडा लहान म्हणजे माल भारी, हा समज सोडून द्या. पावसाळ्यात लहान आकडाच खिसा रिकामा करतो. आणि पाणी फारच चहासारखं येत असेल त्या आठवड्यात जुनी तुरटीच कामाला येते. कळशीत खडा चार वेढे फिरवायचा, रात्रभर हलवायचं नाही, सकाळी वरचं निवळ अलगद ओतून घ्यायचं आणि उकळायचं. तेवढे दिवस फिल्टरला विश्रांती.

दुसरं कारण दाब. याकडे कुणाचं लक्षच जात नाही. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. स्लॅबवरची टाकी स्वयंपाकघरातल्या फिल्टरपेक्षा तीन मीटर वर असेल तर फिल्टरला मिळाला फक्त ०.३ बार. घट्ट दाबलेल्या ब्लॉकला याच्या कितीतरी पट दाब लागतो. म्हणजे ब्लॉक नवा असतानाही धार जेमतेमच, आणि वर जरासा थर बसला की संपलं. अशा ठिकाणी सारखे ब्लॉक बदलणं म्हणजे पैसे गटारीत. दाब वाढवणारा छोटा बूस्टर पंप बसवा, नाहीतर २० इंची किंवा जंबो, म्हणजे जाड, हौसिंग घ्या. दहा इंचीच हवे असतील तर दोन ब्लॉक शेजारीशेजारी जोडा, एकामागे एक नकोत. पृष्ठभाग दुप्पट झाला की प्रत्येकावर पाण्याचा भार निम्मा येतो आणि गाळ बसायलाही दुप्पट जागा मिळते.

तिसरं, पाइप उलटे जोडलेले. हौसिंगच्या डोक्यावर बाण असतो, तो एकदा बघाच. उलट जोडणीत पाणी मधल्या पोकळीतून बाहेर जातं, गाळ त्या अरुंद पोकळीत ठासला जातो आणि ब्लॉक बघता बघता बंद पडतो. ओळखायची खूण सोपी आहे: ब्लॉक बाहेरून नव्यासारखा आणि आत बोट घातलं तर चिखल.

आणि बसवल्या बसवल्याच धार बारीक असेल तर घाबरू नका. कोरड्या ब्लॉकमध्ये हवा अडकलेली असते. तोटी थोडा वेळ मोकळी सोडा, हौसिंगवर लाल बटण असेल तर दाबून हवा काढा. सुरुवातीचं पाणी काळसर येतं ती कोळशाची भुकटी. अपाय काही नाही, पण प्यायचं नाही. स्वच्छ येईपर्यंत बादलीत धरा आणि फरशी पुसायला वापरा.

धार जोरात, पण वास परत

आधी नाकाला विचारा, कसला वास? औषधाचा, म्हणजे क्लोरीनचा असेल तर एक चाचणी घरीच करता येते. नळपाण्याची तपासणी करताना वापरतात ते ओटीओचे थेंब दुकानात मिळतात. पाण्यात क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. एका ग्लासात फिल्टरच्या आधीचं पाणी घ्या, दुसऱ्यात नंतरचं. आधीचं पिवळं व्हायलाच पाहिजे: पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन शिल्लक असावा. नंतरचं पाणी आहे तसं राहिलं तर ब्लॉक काम करतोय. पिवळं झालं तर नाही. थेंब टाकलेलं पाणी ओतून द्या, पिऊ नका. खेड्यात पंचायतीकडेही तपासणीचं किट असतं. जलजीवन मिशनमध्ये, कर्नाटकात जिला 'मने मनेगे गंगे' म्हणतात त्या योजनेत, प्रत्येक गावातल्या पाच महिलांना ते वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. गावातल्या कोण आहेत ते विचारून घ्या.

ब्लॉक नवा आहे आणि तरी पाणी पिवळं झालं, तर पाणी ब्लॉकमधून न जाता बाजूने पळतंय. ब्लॉकच्या दोन्ही टोकांना रबराची चकती असते. हौसिंगच्या आत गोल धारदार कडा असते, ती या चकतीत रुतून बसली पाहिजे. ब्लॉक काढून चकतीवरून अंगठा फिरवा. पूर्ण गोल ठसा उमटलेला असेल तर ठीक. अर्धाच ठसा, किंवा चकती कोरी गुळगुळीत, म्हणजे तिथून पाणी सुटतंय. काही हौसिंगांत पावणेदहा इंची ब्लॉक सैल बसतो, तिथे पूर्ण दहा इंचीच लागतो. पुष्कळदा तर जुनी चकती हौसिंगमध्येच चिकटून राहिलेली असते आणि तिच्यावर नवी बसवलेली असते.

चकती चांगली आहे आणि ब्लॉक जुना आहे, तर तो संपला. पाकिटावर लिटर छापलेले असतात, त्याचा हिशोब धरा. समजा ६,००० लिटर लिहिलंय. पाच माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला रोजचे २० लिटर धरले तर ३०० दिवस झाले. त्याच तोटीवर भांडी घासायला लागलात आणि रोज १५० लिटर गेलं तर ४० दिवसांत खेळ खलास. शिवाय भांडी घासताना तोटी पूर्ण सोडतो आपण. पाणी कोळशाजवळ थांबतच नाही, मग वास निघणार कसा? फिल्टरला वेगळी बारीक तोटी लावा आणि घरातल्यांना एकदा नीट सांगून ठेवा.

मातकट, पहिल्या पावसात जमिनीला येतो तसा वास असेल तर तो जिओस्मिनचा. तलावातलं शेवाळ आणि मातीतले जिवाणू तो तयार करतात. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. प्रकृतीला त्याने धोका नाही, आणि कार्बन तो चांगला धरतो. पण ब्लॉक म्हातारा झाला की पहिल्यांदा हाच वास निसटतो असं मला दिसतं. नासक्या अंड्याचा वास असेल आणि पाणी बोअरचं असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड. त्याच्यापुढे साधा ब्लॉक लवकर हात टेकतो. पाणी उघड्या टाकीत उंचावरून पडू द्या, हवा लागली की निम्मं काम तिथेच होतं.

बोअरच्या पाण्याला कार्बन पुरत नाही

अथणी, रायबाग, चिकोडीकडून येणारी एक तक्रार अशी: फिल्टर लावला तरी पातेल्याला पांढरं पुटं धरतंच, डाळ शिजत नाही. बरोबर आहे, शिजणार नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा कार्बनला धरता येत नाही. क्षारही नाहीत, फ्लोराइड नाही, नायट्रेट नाही. मानकात जडपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं आहे. एकूण क्षारांना हेच आकडे ५०० आणि २,००० असे आहेत. त्याच्यापुढे गेलात तर आरओचा विचार करा, आणि त्यातही आरओच्या पडद्याआधी कार्बन लागतोच, कारण नळाच्या पाण्यातला क्लोरीन तो पडदा खातो. ऊसपट्ट्यात मळ्यातल्या विहिरीचं पाणी पीत असाल तर नायट्रेट प्रयोगशाळेत तपासून घ्या. मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. घरात तान्हं मूल असेल तर हे टाळूच नका, आणि उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे वाढतं.

टीडीएस, म्हणजे पाण्यातले एकूण क्षार, मोजणारं मीटर घेऊन दारात येणाऱ्या पोरांबद्दल दोन शब्द. कार्बन ब्लॉकच्या आधी आणि नंतर त्या मीटरवर आकडा जवळजवळ तोच दिसणार. त्यावरून ब्लॉक चांगला की वाईट हे अजिबात कळत नाही. दुसरा खेळ म्हणजे पाण्यात दोन सळया बुडवून करंट देतात आणि तुमचं पाणी तपकिरी करून दाखवतात. तो रंग सळईच्या विरघळणाऱ्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यामुळे करंट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. चहा पाजून वाटेला लावा.

टाकीच्या आधी कार्बन लावू नका

अलीकडे नवीन बांधकामांत एक फॅशन आलीय: रस्त्यावरून पाणी आत येतं तिथेच मोठा कार्बन लावायचा, म्हणजे "अख्ख्या घराला फिल्टरचं पाणी". यात क्लोरीन दारातच संपतो आणि पुढे टाकीतलं पाणी राखणीशिवाय पडून राहतं. चार दिवसांनी टाकीच्या भिंती बुळबुळीत आणि पाण्याला वास, की परत दोष कार्बनलाच. दारात स्पन लावा, हवे तेवढे लावा. कार्बनची जागा पिण्याच्या तोटीपाशी, अगदी शेवटी.

जंतूंच्या बाबतीतही कार्बनवर विसंबू नका. १ मायक्रॉनचा, तसा प्रमाणित केलेला ब्लॉक जिआर्डियासारख्या परजीवी जंतूंच्या मोठ्या पुटिका (त्यांचं कवचबंद रूप) अडवतो. जिवाणू-विषाणूंची हमी साधा ब्लॉक देत नाही. पावसाळ्यात गावात जुलाबाची साथ असेल तर फिल्टर असला तरी पाणी खळखळून उकळा, किंवा ब्लॉकच्या पुढे जंतू मारणारा यूव्ही दिवा लावा. यूव्हीलाही पाणी निवळच लागतं, गढूळ पाण्यात उजेड पोचत नाही.

धुवून परत वापरता येईल का?

रोज कुणीतरी विचारतंच. ब्रशने घासलात तर वरचा थर थोडा निघतो, धार चार दिवस बरी वाटते, पण बारीक कण फटींत आणखी ठासले जातात. साबण लावू नका. कोळसा साबणही पितो आणि मग चहाला त्याची चव येते. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवणं म्हणजे उरलासुरला कोळसा क्लोरीनला खाऊ घालणं. गच्चीवर उन्हात वाळवणाऱ्यांना एवढंच सांगतो की कोळसा पुन्हा ताजा करायला कारखान्यात ७०० ते ९०० अंशांची भट्टी लागते. बेळगावचं ऊन, अगदी एप्रिलचं धरलं तरी, कमीच पडणार. हौसिंग मात्र दर वेळी जरूर धुवा, आणि ओ-रिंगला, म्हणजे हौसिंगच्या रबरी कड्याला, खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटाने लावा. खोबरेल नको, रबर फुगतं आणि पुढच्या वेळी हौसिंग उघडताना पाना तुटतो.

सुट्टीला आठ-पंधरा दिवस घर बंद ठेवून परत आलात तर ब्लॉकमध्ये साचून राहिलेलं पाणी पिऊ नका. क्लोरीन नसल्यामुळे त्यात जिवाणू वाढलेले असतात. तोटी काही मिनिटं सोडून ठेवा आणि पहिले एक-दोन दिवस पाणी उकळून प्या. तरी कुबट वास येत राहिला तर ब्लॉकमध्ये कितीही लिटर शिल्लक असले तरी तो काढून टाका, रिकामं हौसिंग ब्लीचिंगच्या पातळ पाण्याने धुवा, स्वच्छ पाण्याने खळबळून घ्या आणि मगच नवा घाला.